खेकड्यांचं यंदाचं भाकीत

चिहारूचं पत्र डिसेंबरच्या सुरुवातीला आलं होतं. कुराहाशी मास्तरांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, सवयीने शुद्धलेखन तपासलं, एकही चूक सापडली नाही म्हणून थोडे खट्टू झाले, आणि सावकाश उत्तर लिहू म्हणून ते शब्दकोशात ठेवून दिलं. शब्दकोश रोज हातात यायचा, पत्र रोज दिसायचं. उत्तर मात्र त्या जाडजूड शब्दकोशात कुठेच सापडत नव्हतं.

पत्र लांबलचक नव्हतं. मुलगी आईवर गेली होती.

'बाबा, आम्ही नागोयातच घर बांधतोय. खालच्या मजल्यावर एक खोली निघते. चटया घातलेली, दक्षिणेला खिडकी. मिस्त्री विचारतोय, खोली काढू की गाडी ठेवायला जागा करू? थंडी सरायच्या आत त्याला सांगायचंय. तुम्ही म्हणाला होतात, कानिस्ता वरच्या लीगमध्ये गेली की येतो. पाच वर्षं झाली. यंदाचं भाकीत काय ते कळवा. बान्नोसाहेबांचं नको. तुमचं हवंय.'

आता, मास्तरांना 'नाही' म्हणता येत नसे. जन्मभर शाळेत भाषा शिकवली, पण हा एक शब्द त्यांच्या स्वतःच्या जिभेवर कधी रुळला नाही. विमा एजंट दारात आला की ते 'विचार करतो' म्हणायचे आणि संध्याकाळपर्यंत विमा उतरवून बसायचे. बायकोच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी चिहारूने सगळ्यांदेखत विचारलं, "बाबा, आता इथे एकटे कशाला राहता? आमच्याकडे या." मास्तरांनी चहाच्या पेल्यात पाहिलं. पेल्यात काहीच सुचवलेलं नव्हतं. मग ते म्हणाले, "कानिस्ता वरच्या लीगमध्ये गेली की येतो."

लाजाळू माणसाचा नकार असा असतो. नागिउरातल्या कुणीही तो ओळखला असता. सूर्य पश्चिमेला उगवला की येतो, असं म्हणण्यासारखंच ते होतं. पण जावई नागोयाचा. तो हिशेबी आणि सरळ माणूस. त्याला वाटलं, ही मुदत आहे. त्याने ती लिहून घेतली.

कानिस्ता नागिउरा हा गावाचा फुटबॉल क्लब. 'कानि' म्हणजे खेकडा, तो तर गावाच्या पोटापाण्याचाच विषय. पुढचं 'स्ता' कुठल्या देशाचं, ते क्लबचं नाव ठेवणाऱ्या टोकियोच्या जाहिरात कंपनीलाच ठाऊक. क्लबचं नाव परदेशी वाटलं नाही तर लोक येत नाहीत, असं कंपनीचं म्हणणं होतं. लोक तसेही आले नाहीत, ही गोष्ट वेगळी. बोधचिन्हही खेकड्याचंच निवडलं. खेकडा पुढे जात नाही, आडवा जातो, हे मासळीबाजारावर जगणाऱ्या गावात कुणीतरी वेळेवर बोलायला हवं होतं. पण कंपनीचा माणूस सुटाबुटात आला होता, आणि चित्रं फार सुबक होती.

गेल्या मोसमात कानिस्ता तिसऱ्या लीगमध्ये शेवटची आली. खरं तर आणखी खालीच ढकलली जायची. पण खालच्या लीगचा जो विजेता वर यायचा होता, त्याच्या मैदानात नियमाप्रमाणे पुरेशी शौचालयं नव्हती. त्यामुळे तो वर आला नाही आणि कानिस्ता खाली गेली नाही. दुसऱ्या गावाच्या शौचालयांच्या टंचाईवर वाचलेला क्लब म्हणून नागिउराचं नाव इतिहासात राहील. त्या रात्री समर्थक संघाने जल्लोष केला. अध्यक्ष बान्नोसाहेबांनी भाषणात सांगितलं, "आपण टिकलो. टिकलेला माणूसच पुढे जातो."

बान्नोसाहेबांचा माशाच्या वड्यांचा कारखाना होता. माणूस धिप्पाड, आवाज घाटमाथ्यावरून हाळी दिल्यासारखा, आणि स्वभाव असा की दिवाळं निघालेल्या बँकेतही त्यांनी हसतहसत खातं उघडलं असतं. त्यांच्या भाकितांना पुरावा लागत नसे. उलट पुराव्याची त्यांना अडचणच व्हायची. भाकितं चार असत, आणि दरवर्षी तीच. एक, यंदा बढती नक्की. दोन, घरच्या मैदानावर एकही हार नाही. तीन, नऊ नंबरचा खेळाडू वीस गोल करील. चार, स्टेडियम खच्चून भरेल. खेळाडूचं नाव ते मुद्दामच सांगत नसत. "नावं टिकत नाहीत," ते म्हणत, "नंबर टिकतो." गेल्या वर्षीच्या नऊ नंबराने दोन गोल केले होते. त्यातला एक आपल्याच जाळीत.

ही भाकितं कागदावर उतरवायचं काम कुराहाशी मास्तरांकडे होतं.

दोन जानेवारीला, वर्षाचं पहिलं अक्षर लिहायच्या दिवशी, सेत्सुयो मावशीच्या खाणावळीत टेबलं भिंतीला लागायची, मधे लांबच लांब कागद पसरायचा, आणि मास्तर गुडघ्यांवर बसून कुंचल्याने बान्नोसाहेबांची वाणी लिहून काढायचे. अक्षर सुरेख, रेषा ठाम. लिहिणाऱ्याचा लिहिलेल्यावर काडीचाही विश्वास नाही, हे त्या अक्षरावरून कुणाला कळलं नसतं. मग महिन्याच्या मध्यावर देवळापुढे नव्या वर्षाची तोरणं जाळायची शेकोटी पेटायची, त्यात गेल्या वर्षीचा भाकितांचा कागद टाकायचा. भाकितांचा पुरावा दरवर्षी विधिपूर्वक जाळून टाकणारं दुसरं गाव असेल असं मास्तरांना वाटत नव्हतं. पण मग त्यांना वाटायचं, आपल्याला काय कळतं? आपण शाळेतले. असेलही.

हे काम त्यांच्या गळ्यात पडलं, त्याचीही एक गोष्ट होती. बायको जाऊन एकोणपन्नासावा दिवस होता. विधीला आलेले लोक हळू बोलत होते, मान हलवत होते, वेळ हेच औषध म्हणत होते. इतक्यात बान्नोसाहेब आले. त्यांनी तीन माणसांचं जेवण संपवलं, वाईट झालं असा एक शब्द काढला नाही, आणि जाताजाता दारात म्हणाले, "मास्तर, तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणतात. एक फलक लिहून द्या. यंदा आपण बढती मिळवतोय." त्या घरात त्या दिवशी पुढच्या दिवसांबद्दल बोललं गेलेलं ते एकमेव वाक्य होतं. धादांत खोटं होतं. पण मास्तरांनी दुसऱ्या दिवशी शाई उगाळली.

तर, यंदाची शेकोटी.

वारा समुद्रावरून येत होता. मास्तरांच्या काखेत दोन गुंडाळ्या होत्या. जुनी जाळायची होती. नवी मावशीच्या हवाली करायची होती, म्हणजे मोसमाआधीच्या सभेला तिने ती भिंतीवर लावली असती. गुंडाळ्यांवर खूण करावी असं त्यांच्या मनात सकाळीच आलं होतं. पण मग वाटलं, इतकंही कळणार नाही का आपल्याला? स्वतःवर विश्वास ठेवायची ही त्यांची वर्षातली पहिली वेळ.

सेत्सुयो मावशी मोठ्या पातेल्यातून तांदळाची गोड पेज वाटत होती. तिने पेला हातात दिला, वाफेने चष्मा धुरकटला, आणि नेमकी मागून हाळी आली.

"मास्तर! टाका की! आग काय तुमच्यासाठी थांबणार आहे?"

मास्तर दचकले. पेज सांडू नये म्हणून त्यांनी पेला वर धरला आणि दुसऱ्या हातात आली ती गुंडाळी आगीत टाकली. कागद एरवी जड म्हणून बुडाशीच जळायचा. यंदा वाऱ्याचा असा झोत आला की तो आगीतून उसळला, उलगडला, आणि जळता जळता देवळाच्या कमानीवरून पलीकडे गेला. लोकांनी आरोळी ठोकली. जळणारा कागद उंच उडाला की त्या वर्षी अक्षर सुधारतं, हे गावातल्या पोराटोरांना ठाऊक असतं. समर्थक संघाने ती सवलत केव्हाच फुटबॉललाही लागू केलेली होती.

"पाहिलंत?" बान्नोसाहेबांचे डोळे पाणावले. धुरानेही असतील. "गेलो आपण! वर!"

मास्तरांनी चष्मा पुसला, उरलेली गुंडाळी मावशीला दिली आणि घरी आले.

सभा फेब्रुवारीच्या एका रविवारी दुपारी भरली. खाणावळ तुडुंब, म्हणजे अठरावीस माणसं. स्थानिक वर्तमानपत्राचा छायाचित्रकारही आला होता. त्याला त्याच रस्त्यावर मुळ्याच्या प्रदर्शनालाही जायचं होतं. कागद भिंतीवर लागला, बान्नोसाहेब त्यापुढे उभे राहून एकेक भाकीत वाचू लागले, लोक प्रत्येक ओळीनंतर टाळ्या वाजवू लागले. मास्तर मागच्या कोपऱ्यात होते. त्यांची नजर कागदाच्या खालच्या डाव्या टोकाला गेली आणि तिथेच खिळली.

तिथे पिवळट डाग होता. वाटलेल्या मोहरीचा.

गेल्या वर्षी दोन जानेवारीला चिहारू आली होती. मास्तर लिहीत होते आणि ती शेजारी उकडलेला मुळा खात उभी होती. "बाबा, वीस गोल? त्या माणसाला वीस बूट तरी बांधता येतात का?" म्हणून ती हसली, आणि काडीवरची मोहरी टपकन कागदावर पडली. यंदा ती आली नव्हती. घराचं काम निघालं होतं.

म्हणजे यंदाचं भाकीत आगीत गेलं होतं, आणि भिंतीवर गेल्या वर्षीचं लागलं होतं. मास्तरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कुणाच्याही चेहऱ्यावर शंकेची सुरकुती नव्हती. बान्नोसाहेब चौथ्या भाकितापर्यंत पोचले होते, शब्दाला शब्द जुळत होता, जुळणारच. उठून सांगावं का? मास्तर उठले, आणि दाराजवळच्या माणसाला आत यायला जागा करून देऊन परत बसले.

आठवडा सरता सरता चिहारूचं कार्ड आलं. वर्तमानपत्रातलं छायाचित्र तिने कुठेतरी पाहिलं होतं.

'बाबा, भिंतीवरचा कागद गेल्या वर्षीचा आहे. कोपऱ्यातला डाग माझ्या हातचा, मी ओळखते. यंदा तुम्ही काही लिहिलंच नाहीत का? की आता त्यालाही कंटाळलात? तसं असेल तर खोली काढते. सोमवारी मिस्त्री येतोय. पुन्हा विचारणार नाही.'

मास्तरांनी शेवटची ओळ पुन्हा वाचली. 'पुन्हा विचारणार नाही' हे वाक्य त्यांच्या बायकोचं होतं. ती ते आयुष्यात मोजक्या वेळा बोलली असेल, आणि प्रत्येक वेळी तिने पुन्हा विचारलं नव्हतं.

गप्प राहिलं तर खोली निघणार होती. चटया, दक्षिणेची खिडकी. खोली निघाली की जावं लागणार. मुलीने बांधलेल्या खोलीला 'विचार करतो' म्हणून कसं भागेल? मास्तरांना त्या खिडकीत बसलेला एक म्हातारा दिसला. नीटनेटका, उबदार, शब्दकोश मांडीवर. त्याला हाक मारणारं कुणी नव्हतं. तो म्हातारा त्यांना आवडला नाही.

शनिवारी दुपारी, खाणावळ रिकामी असेल अशा बेताने, ते कागद उतरवायला गेले. निदान तेवढं तरी निस्तरावं. खाणावळ रिकामी नव्हती. सेत्सुयो मावशी कढण ढवळत होती. टॅक्सीवाला हागिनो कोपऱ्यात अंडं सोलत बसला होता. हा माणूस तीस वर्षं कानिस्ताला शिव्या देत होता आणि एकही सामना चुकवत नव्हता. बान्नोसाहेब स्वतःच्याच कारखान्याच्या वड्या पैसे देऊन खात होते.

मास्तर काही न बोलता स्टुलावर चढले.

"अहो मास्तर!" मावशीने झारा उगारला. "हे काय आरंभलंय? पडाल ना! हाडं काय सुट्टीवर आलीत?"

"नाही... म्हणजे हो... जरा वाकडा लागलाय."

"कागद सरळ आहे," हागिनो अंड्यातून वर न पाहता म्हणाला. "वाकडी आपली बचावफळी आहे. ती उतरवा."

मास्तर स्टुलावर तसेच उभे राहिले. खाली उतरावं तर काम राहणार, वर राहावं तर सगळे पाहणार. अशा अडचणीत माणूस कधीकधी खरं बोलून जातो.

"हा गेल्या वर्षीचा आहे," ते म्हणाले. "यंदाचा मी आगीत टाकला. चुकून. चष्म्यावर वाफ आली होती."

बान्नोसाहेबांनी वडी बशीत ठेवली, उठून कागदाजवळ गेले, एकेक ओळ बोट फिरवत वाचली आणि मागे वळून मनापासून विचारलं, "फरक काय आहे?"

प्रश्न रास्त होता. मास्तरांनी विचार केला. "डाग," ते म्हणाले.

हागिनोला ठसका लागला. अंडं घशातून खाली गेल्यावर तो म्हणाला, "म्हणजे मावशी, बघा हं. गेल्या वर्षी जे झालं नाही ते यंदा होणार, आणि यंदा जे होणार होतं त्याची राख झाली. आता मला कळलं आपलं कुठे चुकतं ते."

"राख कसली?" बान्नोसाहेबांचा चेहरा उजळत चालला होता. हे लक्षण सगळ्यांना ठाऊक होतं. "अरे, तो कागद कमानीवरून गेला! जुना नव्हे, यंदाचा! आजवर आपण जुनं जाळत होतो, म्हणून अडत होतं. देवाकडे अर्ज कुठला पाठवायचा? शिळा? यंदा पहिल्यांदा ताजा अर्ज पोचला!"

"साहेब, वारा होता."

"वारा काय तुझ्या टॅक्सीने आला?"

"वारा नाही, कागद आला," हागिनो म्हणाला. "माझ्याच टपावर पडला. कमानीपलीकडे उभी होती गाडी. सगळा टप काळा. धुवून काढली."

"टॅक्सीवर!" बान्नोसाहेबांनी टेबलावर हात आपटला. "चालत नाही, टॅक्सीतून निघाली बढती!"

पालथ्या घड्यावर पाणी ओतून थकलेल्या माणसासारखा हागिनो मावशीकडे पाहू लागला. मावशीने मात्र मास्तरांना हात देऊन खाली उतरवलं, बसवलं, पुढ्यात मुळा ठेवला.

"मास्तर, एक विचारू? इतकी वर्षं यांचं लिहिताय. तुम्हाला स्वतःला काय वाटतं हो? यंदाचं?"

मास्तरांनी मुळ्याकडे पाहिलं. हाच प्रश्न शब्दकोशात दोन महिने पडून होता. तिघेही थांबले होते. बान्नोसाहेबसुद्धा, हे विशेष. आपण चुकू, असं मास्तरांना नेहमीप्रमाणे वाटलं. चुकलो तर चुकलो, असं मात्र पहिल्यांदाच वाटलं.

"मला वाटतं," ते अगदी हळू म्हणाले, "यंदा आपण शेवटून दुसरे येऊ."

मास्तरांना वाटलं, दुखावलं आपण. ते माफी मागायला तोंड उघडणार तोच हागिनो म्हणाला, "एवढं?"

"काय?"

"नाही, म्हणजे आशा असावी माणसाला. पण कुणाच्या जिवावर? नवा गोलकीपर पाहिलात का? मीच त्याला स्टेशनवरून आणला. त्याची बॅग त्याच्याच हातून दोनदा निसटली. मी झेलली."

"मास्तर, तुम्हालाही लागण झाली की," मावशी म्हणाली. "मला वाटलं या खोलीत एक तरी शहाणा आहे."

बान्नोसाहेबांनी मास्तरांच्या पाठीवर अशी थाप मारली की मुळा बशीतून उडाला. "मी म्हणत होतोच! हे आपल्यातलेच आहेत! आज शेवटून दुसरे म्हणतात, उद्या..."

"उद्या काय?" मावशीने झारा रोखला. "जरा जपून बोला, साहेब. बढती मिळाली की मास्तर नागोयाला जाणार आहेत. मुलीला शब्द दिलाय यांनी. विसरलात? अख्ख्या गावाला ठाऊक आहे. मग तुमची वाणी लिहिणार कोण? हा हागिनो?"

"मला लायसन्सवर सही करता येते," हागिनो म्हणाला.

बान्नोसाहेब हसायला निघाले आणि अर्ध्यात थांबले. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं, पुन्हा मास्तरांकडे पाहिलं. त्या मोठ्या चेहऱ्यावर एक अनोळखी भाव आला. त्याला तिथे बसायची सवय नव्हती, म्हणून तो आधी कपाळावर, मग गालांवर जागा शोधत राहिला. शंका होती ती.

"हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं," ते म्हणाले.

खाली बसले. वडी उचलली, परत ठेवली.

"तसं पाहिलं तर," त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाणावळीच्या मापाचा झाला होता, "बचावफळी जरा कच्चीच आहे, नाही का?"

हागिनोच्या हातातलं दुसरं अंडं सुटलं.

"आणि तो नऊ नंबर," बान्नोसाहेब पुढे म्हणाले, एकेक शब्द दाढदुखीसारखा काढत, "वीस गोल म्हणजे जरा... आणि मैदानही उतरतं आहे उत्तरेकडे. नाही हो मास्तर. यंदा काही जमायचं नाही. माझा शब्द. आपल्याला बढती मिळणार नाही." आणि मग घाईघाईने, "पुढच्या वर्षीही नाही!"

अध्यक्षांच्या तोंडून हे वाक्य नागिउरात कुणी ऐकलं नव्हतं. मावशीने विनाकारण झाकण उघडून पाहिलं आणि वाफेत तोंड लपवलं. मास्तरांना वाटलं, काहीतरी बोलावं. 'आभार' हा शब्द त्यांना सुचला, पण तो फार छापील वाटला. म्हणून त्यांनी बान्नोसाहेबांच्या कारखान्याची एक वडी उचलून खाल्ली. त्या वड्या त्यांना कधीच आवडत नसत. बान्नोसाहेबांना ते माहीत होतं.

घरी येऊन मास्तरांनी शाई उगाळली. मग कुंचला ठेवून साधं पेन घेतलं. अक्षर सुंदर आलं की माणूस खोटं लिहायला लागतो, असा त्यांचा अनुभव होता. शब्दकोश उघडला नाही.

'चिहारू,

गाडीची जागा कर.

माझं भाकीत: आम्ही शेवटून दुसरे येऊ. हागिनोच्या मते हे अवास्तव आहे. कानिस्ता वरच्या लीगमध्ये जाईल असं मला कधीच वाटलं नव्हतं, आणि ते मला ठाऊक असताना मी तुला तसं सांगितलं. मला येणार नाही म्हणायचं होतं. येणार नाही. खोली वाईट आहे म्हणून नाही. खिडकी दक्षिणेला आहे, हे मी रोज वाचत होतो. पण इथे मला कुणी स्टुलावर चढू देत नाही.

कागदाचं म्हणशील तर यंदाचा जळाला, चूक माझी. मजकूर तोच होता, तुझं काही हुकलेलं नाही.

मार्चमध्ये घरच्या मैदानावर पहिला सामना आहे. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. पुढचीही, मागचीही, त्यामुळे जावयांनाही आण. जाड कोट घाला, वारा समुद्रावरून येतो. आपण हरू. मोहरी मी आणतो.

बाबा'

पत्र त्यांनी तपासलं नाही. तपासलं असतं तर 'येणार नाही' दोनदा आलंय हे लक्षात आलं असतं, आणि एक खोडलं असतं, आणि मग दुसरंही.

कोपऱ्यावरच्या लाल पेटीला दोन तोंडं होती, एक साध्या टपालाचं, एक तातडीच्या टपालाचं. मास्तर दोन्हींवरच्या सूचना वाचत उभे राहिले. साध्याने सोमवारपर्यंत पोचणार नव्हतं, म्हणून तातडीचं तिकीट त्यांनी आधीच लावून आणलं होतं. तरी ते बरोबर लागलं आहे की नाही, हे बघायला त्यांनी पाकीट पुन्हा चष्म्याजवळ धरलं. मग पाकिटाचं अर्धं अंग पेटीत घातलं आणि तसेच थांबले. थंडीने बोटं आखडली होती, असं नंतर सांगता आलं असतं.

मागे टॅक्सी येऊन थांबली. काच खाली झाली.

"काय मास्तर, हात अडकला का पेटीत? ओढू का?"

"नाही," मास्तर म्हणाले, आणि बोटं सोडली.